नाना साळुंखे मान्यता देत नाहीत

आमच्या दूधवाल्याला नाना साळुंख्यांची मान्यता नव्हती. त्याच्याकडचं दूध ते घ्यायचे, त्याचा चहा प्यायचे, वर साय दाट आहे म्हणून कौतुकही करायचे. पण मान्यता नव्हती.

झालं होतं असं, की वर्षानुवर्षं दूध घालणारा म्हातारा एका सकाळी आलाच नाही. त्याच्या जागी पुतण्या किटली घेऊन उभा. नाना दारात आडवे आले. "चुलता कुठाय?"

"घरी हायेत."

"घरी आहेत, की घरात ठेवलेत? स्वखुशीनं बाजूला झाले का? प्रक्रिया काय झाली?"

पोरगं बिचारं रहाटणीकडचं, म्हशीत वाढलेलं. ते म्हणालं, "डोळ्याचं आपरेशन झालंय त्यांच्या. पट्टी हाय."

"सगळे असंच सांगतात," नाना म्हणाले. "आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत."

हे 'आम्ही' म्हणजे कोण, ते वसाहतीत कुणालाच कळलं नाही. घरात माणसं तीन. नाना, काकू आणि मुलगी सुमन.

नाना आमच्या समोरच्या बिऱ्हाडात. ते आणि माझे मिस्टर एकाच कारखान्यात, नाना टूलरूमला. मी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला. सगळी पिंपरी भोंग्यावर उठायची, नाना त्याच्याही आधी रेडिओवर उठायचे. बातम्यांत कुठल्या तरी लांबच्या देशात निवडणुकीत घोळ झाल्याचं, विरोधकांना तुरुंगात टाकल्याचं आलं, की नानांचा निर्णय व्हायचा आणि पहिल्या शिफ्टच्या बसथांब्यावर तो जाहीर व्हायचा. लोकही वाटच बघत असायचे. "काय राव नाना, आज कुणाचं काय?"

"निवडणूक वादग्रस्त आहे. मान्यता नाही."

आणीबाणी उठल्यावर तर त्यांना जोरच चढला. आपल्याकडं जे दाबून ठेवावं लागलं होतं, ते सगळं त्यांनी परदेशांवर काढलं.

एकदा कुठल्याशा सेनापतीनं मतपेट्याच पळवल्या. नानांनी त्या देशाच्या मालावर बहिष्कार टाकला. काकूंनी विचारलं, "तिथून येतं काय आपल्याकडं?"

"केळी पिकतात तिथं."

"अहो, आपली केळी जळगावची!"

"असू देत. आठवडाभर घरात केळं नको. संदेश जातो."

आता नानांना शिकरण म्हणजे जीव की प्राण. आठवडाभर ताटाकडं बघून सुस्कारे टाकत होते, पण हटले नाहीत. सेनापतीचं काय झालं देव जाणे.

गणपती मंडळाच्या अध्यक्षपदाला नाना एकदा स्वतःच उभे राहिले. हात वर करून मतदान चाललं होतं आणि नेमकी मोजताना वीज गेली. वीज आली तेव्हा नाना पडलेले! त्यांनी फेरमतदान मागितलं, शेजारच्या वसाहतीतून दोन निरीक्षक आणवले. निरीक्षकांनी मंडळाची भजी खाल्ली, चहा घेतला आणि निवडणूक एकंदरीत मोकळ्या वातावरणात झाल्याचं सांगून टाकलं. नानांनी मंडळाला मान्यता दिली नाही ती नाहीच. वर्गणी मात्र दिली. "ही वर्गणी नव्हे," म्हणाले. "मानवतावादी मदत आहे."

हसून हसून पोट दुखायचं हो. पण एक दिवस हसू थांबलं.

सुमननं लग्न केलं. तिच्या ऑफिसच्या बसमध्ये येणारा प्रकाश, फिटर, स्वभावानं अगदी गरीब. घर बौद्ध. दोघं पुण्याला जाऊन रजिस्टर लग्न करून आली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी राहिली. माझं दार उघडंच होतं, मी सगळं बघितलं.

नानांनी प्रकाशकडं बघितलंच नाही. मुलीला विचारलं, "प्रक्रिया काय झाली?"

"नोटीस लावली होती, नाना. साक्षीदार होते. सह्या झाल्या."

"घरात मत घेतलं होतंस?"

"घेतलं असतं तर तुम्ही होऊ दिलं असतं?"

नानांनी दाराची कडी हातात धरली. मग म्हणाले, "निवडणूक वादग्रस्त आहे." आणि दार लावून घेतलं. पेढे माझ्याकडं ठेवून दोघं निघून गेली. त्या दिवशी वसाहतीत कुणाला हसू आलं नाही.

सुमन-प्रकाशनं रहाटणीला दोन खोल्या घेतल्या. काकू रविवारी चोरून जाऊ लागल्या, मग उघड जाऊ लागल्या. नाना प्रकाशचं नाव घ्यायचे नाहीत. 'तिकडची राजवट' म्हणायचे. पण काकूंच्या पिशवीत कधी पेरू, कधी शेंगा आपोआप येऊन पडायच्या. काकूंनी विचारलं, की भिंतीकडं बघून म्हणायचे, "मदत पाठवायला आमची हरकत नाही."

एका संध्याकाळी माझ्याकडं चहाला बसले होते. रोजचंच होतं ते. मी सरळ विचारलं, "नाना, अडलंय कुठं? प्रक्रियेत की जातीत?"

"भलतंच काय, शकू! आम्ही जात मानत नाही."

"मी पण त्याच समाजातली. माझ्या हातचा चहा पिताना तुमची प्रक्रिया कुठं जाते?"

नाना कपात बघतच बोलून गेले, "शेजारसंबंध वेगळे, विलीनीकरण वेगळं."

मला फार लागलं ते. या माणसाच्या तापात मी पेज करून नेली होती. मी त्यांच्या हातातून अर्धा कप काढून घेतला. म्हटलं, "मग ऐका. मीही मान्यता काढून घेतली. आजपासून चहा बंद."

काकूंना कळलं तेव्हा त्या मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात केळी यायची बंद झाली. नानांनी दबकत विचारलं, "शिकरण नाही का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "संदेश जातो."

बसथांब्यावरही बातमी पोचली. कुणी आता विचारेना, की आज कुणाला मान्यता. नाना एका कडेला डबा धरून उभे राहायचे. रेडिओ बिघडून चिंचवडच्या दुकानात पडला होता, तो आणायचीही त्यांना इच्छा होईना. मला राग होता, पण त्यांना तसं एकटं बघवायचं नाही.

एकदा काकूंकडं गेले तर फळीवर शाळेचा नकाशासंग्रह दिसला, पानं पार मऊ झालेला. काकू म्हणाल्या, "सुमीचा आहे. ती लहान असताना हे पहिल्या शिफ्टला निघून जायचे, रात्री ओव्हरटाइम. पोर बापाला दिसायचीच नाही. मग हे तिला पहाटे बातम्यांना उठवायचे. देशाचं नाव आलं, की तिनं तो नकाशात शोधायचा आणि यांनी मान्यता द्यायची की नाही ते तिनंच ठरवायचं. बापलेकीला तेवढाच वेळ मिळायचा गं."

म्हणजे नानांना जगाची काळजी अशी लागली होती. माझा राग निम्मा तिथंच उतरला, पण चहा काही मी सुरू केला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी रहाटणीला निघालो, तर नाना कोट घालून दारात उभे. काखेत कापडी पिशवी.

"कुठं?" काकूंनी विचारलं.

"आम्हीही येतो. निरीक्षक म्हणून."

काळेवाडी सोडून शेतांमधल्या वाटेला लागलो. काकू पुढं होत्या. नाना माझ्याबरोबर चालू लागले, घसा खाकरला आणि म्हणाले, "शकू, परवाचं ते निवेदन आम्ही मागे घेतो." मग जरा थांबून, हळू आवाजात, "मी मागे घेतो. चुकलंच माझं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'मी' फार कमी ऐकला होता. मी नुसती मान हलवली.

सुमन एकटीच होती घरात. बापाला बघून तिच्या हातातलं लाटणं हातातच राहिलं. नाना तिच्याशी काही न बोलता दोन्ही खोल्या फिरून आले. पिठाचा डबा उघडून बघितला, माठातलं पाणी बघितलं. मग खुर्चीत ताठ बसून विचारलं, "इथं बोलायची मोकळीक आहे का?"

"इथं आहे," सुमन म्हणाली. "आधीच्या देशात नव्हती."

नानांनी मान खाली घातली. मग पिशवीतून नकाशासंग्रह काढला आणि मांडीवर ठेवला.

"सकाळी बातम्यांत एक देश आला. सापडेना मला."

मी काकूंकडं बघितलं. रेडिओ अजून चिंचवडच्या दुकानातच होता.

"नाव काय देशाचं?" सुमननं विचारलं.

"नाव..." नानांनी संग्रहाच्या कडेवरून बोट फिरवलं. "नावच विसरलो, सुमे."

सुमन त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं पिठाचे हात पदराला पुसले, खाली त्यांच्या पायाशी येऊन बसली आणि पहिलं पान उघडलं. "शोधू या," म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती बोटानं देश दाखवत होती. नाना प्रत्येकाला "हा नव्हे, हा नव्हे" म्हणत होते. त्यांना घाई नव्हती.

तेवढ्यात प्रकाश आला. हातात भाजीची पिशवी. सासऱ्यांना बघून तो उंबऱ्यातच थबकला. स्वतःच्या घरात जावं की न जावं, असा प्रश्न त्याला पडलेला दिसत होता. दारातून येणारं ऊन त्याच्या अंगानं अडलं आणि नकाशावर सावली पडली.

नानांनी मान वर केली नाही. "जावईबापू," म्हणाले, "उंबऱ्यात काय उभे राहिलात? उजेड अडतोय. आत या."

प्रकाशनं वळून मागं बघितलं, आपल्या पाठीमागं आणखी कुणी उभं आहे का म्हणून.