आधी टाकी

राजूरच्या फाट्यावर मल्हारी आबांचं गॅरेज आहे. तिथे बंद पडलेली गाडी आली की आबा बॉनेटला हात लावत नाहीत. ते डिझेलच्या टाकीचं झाकण काढतात, आत एक लांब काडी बुडवतात, काडीवरचे दोन थेंब तळहातावर घेऊन हुंगतात आणि चक्क जिभेच्या टोकाला लावून बघतात. मग बाजूला थुंकून ड्रायव्हरला विचारतात, "काल काय चारलं हिला?"

ड्रायव्हर नवा असेल तर गोंधळतो. जुना असेल तर मान खाली घालतो, कारण आबांच्या जिभेपुढे खोटं टिकत नाही. एकदा एक टेम्पोवाला छातीवर हात ठेवून सांगत होता की डिझेल चांगल्या पंपावरचंच आहे.

"बराबर," आबा म्हणाले. "मंग याच्यात रॉकेल कुठून आलं? पावसानं आलं का?"

"आबा, थोडंसंच व्हतं..."

"थोडंसंच! आन् मी तुझ्या चहात थोडंसंच टाकलं तर पेशीन का?"

आबांचं घराणं मेंढ्या राखणारं. लहानपणी तेही वडिलांमागे कळपाबरोबर फिरले. पुढे विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करता करता गाड्यांकडे वळले. त्यामुळे गाडी त्यांच्यासाठी मशीन नाहीच, जनावर आहे. गाडी बंद पडत नाही, "बसते". धूर सोडत नाही, "ढेकर देते". आणि दहातली नऊ दुखणी पोटाची असतात, असं त्यांचं ठाम मत आहे. "इंजिन गरीब हाय," ते म्हणतात. "देशीन ते खातं. पन देनाऱ्यानं बराबर द्यावं." कुणी घाईने पंप खोला, नोझल काढा असं सुचवू लागलं की ते हात वर करतात. "बराबर. पन आधी टाकी."

टाकीपासून सुरुवात करायची आणि डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने इंजिनापर्यंत जायचं, मधला एकही मुक्काम सोडायचा नाही, ही त्यांची पद्धत. एकदा एक ठेकेदार मोठी पांढरी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन आला. गाडीत बसूनच त्याने इंजिनातले काय काय भाग गेले असतील त्याची यादी सांगितली. आबांनी सगळी ऐकून घेतली आणि काडी टाकीत घातली. काडी कोरडी बाहेर आली. गाडीचा काटा बिघडलेला होता आणि टाकी रिकामी. आबा हसले नाहीत. कोरडी काडी त्यांनी ठेकेदाराच्या हातात दिली आणि म्हणाले, "उपास धरला हो हिनं. आज संकष्टी हाय का?"

हे सगळं मी लांबून ऐकत आले होते. आबांशी माझा खरा संबंध आला तो आमच्या जीपमुळे.

आमची जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. बाबा ती राजूर ते भोकरदन सवारीसाठी चालवतात. मी भोकरदनच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सकाळच्या प्रॅक्टिकलच्या वेळेला एसटी नसते, म्हणून मी बाबांच्या जीपमध्येच जाते.

उन्हाळ्याच्या तोंडाला जीपला विचित्र दुखणं जडलं. राजूरहून छान निघायची, आणि निम्म्या वाटेवर, बहुतेक वेळा नाल्याच्या पुलाच्या आसपास, हळूहळू मलूल होऊन बंद पडायची. वीस-पंचवीस मिनिटं नुसती उभी ठेवली की जणू काहीच झालं नाही अशी सुरू व्हायची. सवाऱ्यांनी आधी पुलाला दोष दिला. एका आजींनी तिथे नारळ फोडायला लावला. मग सवाऱ्याच कमी झाल्या. जुन्या जालन्यातल्या एका मिस्त्रीने गाडी पाच मिनिटं पाहून सांगितलं, "पंप गेला. हिच्यात आता पैसा घालू नका." बाबांनी भंगारवाल्याला होकार कळवला. तो सोमवारी गाडी न्यायला येणार होता. गाडी गेली की बाबा पुण्याकडे कामाला जाणार आणि आई आणि मी इथेच राहणार, एवढं घरात ठरलं होतं. माझ्या कॉलेजचं काय, हे कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

बुधवारी बाबांनी शेवटचा उपाय म्हणून जीप आबांकडे नेली.

"जय भीम, आबा."

"जय भीम. झाकन उघड."

काडी, हुंगणं, जीभ, थुंकणं. डिझेल चोख निघालं. मग आबा खाटेवर मांडी घालून बसले आणि त्यांनी उलटतपासणी सुरू केली. बंद पडायच्या आधी आचके देते का नुसती मरगळते? मरगळते. चढावर पडते का सपाटीला? दोन्हीकडे. बंद पडायला लागली कधीपासून? महिना झाला. त्या महिन्यात गाडीत काय बदललं?

"काहीच न्हाई, आबा," बाबा म्हणाले.

"आठव बराबर. खरं सांगनाराचीच गाडी सुधारती."

"तुमची शपथ, काहीच न्हाई."

मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आपणही हातभार लावावा. आदल्या दिवशी मोबाईलवर वाचलेलं मी धीर करून सांगितलं, की उष्णतेमुळे नळीत डिझेलची वाफ होत असेल आणि ती अडत असेल. आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पोरीने मध्ये बोलू नये असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं.

"कोनत्या वर्गात?"

"बीएस्सी. पहिलं वर्ष."

"बराबर. मंग मला सांग, कॉलेज, सकाळच्या गारव्यात बी बंद पडती, ती कामून?"

तेव्हापासून आबांनी माझं नाव 'कॉलेज' ठेवलं.

त्यांनी टाकी आणि पंपाच्या मधली काळी नळी काढली आणि तिथे सलाईनची पारदर्शक नळी जोडली. ती त्यांना दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मिळते. म्हणाले, नळीत बुडबुडे दिसले तर कुठेतरी हवा शिरून राह्यली. आणि मला काम सांगितलं. शनिवारपर्यंत रोज लिहायचं. टाकीत डिझेल किती होतं, गाडी कुठे बंद पडली आणि नळीत काय दिसलं.

मी प्रॅक्टिकलच्या वहीत लिहितात तसे रकाने पाडून लिहिलं. गुरुवारी टाकी भरलेली, गाडी पुलाच्या बरीच अलीकडे बंद. शुक्रवारी अर्धी टाकी, नेमकी पुलावर बंद. शनिवारी तळाशी थोडंसंच डिझेल, गाडी जवळजवळ भोकरदनपर्यंत गेली. बुडबुडे एकदाही नाहीत. बंद पडायच्या वेळी नळीतलं डिझेल नुसतं जागच्या जागी थबकायचं.

शनिवारी दुपारी मी वही वाचून दाखवली. आबांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

"म्हन्जे पोट भरलेलं असलं तर लौकर बसती, आन् उपाशी असली तर लांब जाती?"

"हो."

"उलटंच हाय की मंग." आबा खाटेवरून उठले आणि शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागले. "पंपाचं दुखनं आसतं तर त्याला टाकी भरली काय, रिती काय, सारखंच. हे पोटाचं न्हाई. हिचा कुनीतरी गळा आवळलाय." मग बाबांना म्हणाले, "उद्या टाकी काठोकाठ भर. मी सोबत येतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आबा कुणाच्या गाडीतून सोबत जातात, हे कुणी ऐकलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघंच निघालो. आबा पुढच्या सीटवर बसले, मी मागे. बाबा एकसारखे बोलत होते, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. टाकी भरलेली असल्याने जीप लवकरच मरगळली आणि एका मोसंबीच्या बागेसमोर उभी राहिली.

"चाबीला हात लावू नको," आबा बाबांना म्हणाले आणि खाली उतरले. मीही उतरले. त्यांनी टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि एखाद्या मेंढराच्या गळ्यातली दोरी सोडावी तसं ते हळू फिरवलं.

फुस्स्स!

टाकीने केवढा तरी मोठा श्वास आत घेतला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

"मार आता!" आबा ओरडले. बाबांनी किल्ली फिरवली आणि पंचवीस मिनिटं थांबावं न लागता जीप लगेच सुरू झाली.

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. डिझेल जसजसं खर्च होतं तसतशी त्या भोकातून हवा आत जाते. ती गेली नाही, तर टाकीत ओढ तयार होते आणि पंपाने कितीही ओढलं तरी डिझेल पुढे येत नाही. टाकी भरलेली असली की आत हवा थोडीच, म्हणून ओढ लवकर तयार होते; गाडी उभी ठेवली की झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू आत शिरते आणि ती पुन्हा सुरू होते. हे मी आता लिहू शकते. मी अकरावीत हवेच्या दाबावर पूर्ण गुण मिळवले होते. त्या क्षणी मात्र मला फक्त माझा स्वतःचा हात दिसत होता.

कारण ते भोक मी बुजवलं होतं.

आमच्या टाकीचं झाकण मी बसते त्या कोपऱ्याच्या अगदी खाली आहे. खड्ड्यातून जाताना भोकातून डिझेल उडायचं आणि कपड्यांना वास लागायचा. कॉलेजात माझ्या बाकावरची मुलगी एक दिवस नाकाला रुमाल लावून मागच्या बाकावर जाऊन बसली. ती काही वाईट बोलली नाही. पण त्याच आठवड्याच्या रविवारी मी सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापला आणि पंक्चरच्या सोल्युशनने झाकणाच्या आतून चिकटवला. घरात कुणाला सांगितलं नाही, आणि काळ्या झाकणात तो काळा तुकडा बघणाऱ्याला वायसरच वाटायचा. वास गेला. आणि गाडी बंद पडू लागली, तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.

आबांनी झाकण उलटं करून पाहिलं. तो गोल कुठल्या ड्रायव्हरने कापल्यासारखा नव्हता. परकाराने आखलेला होता. मधोमध परकाराची टोचसुद्धा होती, आणि तीही मी काळजीपूर्वक सोल्युशनने बुजवली होती. आबांनी त्या गोलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वास येतो म्हनून?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी नखाने रबर सोलून काढलं आणि खिशात टाकलं. तेवढ्यात बाबा उतरून आले. "काय निघालं, आबा?"

"धूळ," आबा म्हणाले. "झाकनाचं भोक धुळीनं बुजलं व्हतं."

"एवढंच?"

"एवढंच. तुझी चूक न्हाई, कोनाचीच न्हाई. उद्या त्या भोकाला तांब्याची बारीक नळी लावून खाली सोडून देतो. वर वास येनार न्हाई."

"वासाचं काय घेऊन बसलात, आबा!" बाबांनी आबांचे दोन्ही हात धरले. "बाबा, ते झाकण..." मी सुरुवात केली. पण आबांनी माझ्यासाठी मागचं दार उघडून धरलं. "बस, कॉलेज. ऊन व्हून राह्यलं." बाबांना मी ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं. पण तेव्हा रस्त्याच्या कडेला मला ते सांगावं लागलं नाही, याबद्दल मी आबांची कायमची ऋणी आहे.

बाबांनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. उद्या येऊ नका, एवढं एकच वाक्य ते तीनदा बोलले. मग गाडी सुरू केली. पूल आला आणि गेला.

"आबा, फिरवू का माघारी? तुमचं गॅरेज बंद राह्यलं."

"जाऊ दे की तिला," आबा म्हणाले.

जीप भोकरदनकडे पळत होती. आबांनी कोपर खिडकीबाहेर टाकला होता आणि ते दोन्हीकडची रानं बघत होते. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माझ्याकडं येती ती बसलेलीच गाडी येती. सुरू झाली का निघून जाती. म्हातारी गेल्यापासून तर फाटा सोडून कुठं गेलोच न्हाई. चालू गाडीत बसून किती वर्सं झाली, ध्यानात बी न्हाई."

बाबांनी वेग थोडा कमी केला.

भोकरदनला चहा झाला. माघारी येताना स्टँडवर सवाऱ्या मिळाल्या. "सरका हो, आजोबा," म्हणत एक बाई पुढे घुसल्या. ज्यांच्यासमोर ड्रायव्हर चळचळ कापतात, ते आबा निमूट सरकले. बाईंच्या एका हातात पिशव्या होत्या आणि दुसऱ्या हातावर दोन वर्षांची नात. "धरा जरा हिला," असं म्हणून त्यांनी नात सरळ आबांच्या मांडीवर दिली. आबांनी आपले काळे झालेले तळवे आधी धोतराला पुसले आणि मग तिला धरलं. पुढच्या वळणाला ती त्यांच्या छातीवर डोकं टेकून झोपली.

राजूरच्या फाट्यावर बाबांनी जीप गॅरेजसमोर घेतली आणि बंद करायला किल्लीला हात घातला. छातीवर झोपलेल्या पोरीकडे बघत आबांनी दबक्या आवाजात त्यांना अडवलं.

"राहू दे चालू. उठंल ती."