शंभर डबे आणि संघाचा उद्देश

"संघटना कशी चालवावी हे अख्ख्या भोसरीत कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं माझ्याकडं यावं!" असं हिंदुराव पाटोळे टपरीवर चहा पिताना रोज सांगत. शिकायला आजवर कुणी आलं नव्हतं, हा भाग वेगळा!

एमआयडीसीत त्यांचा पत्रा दाबायच्या प्रेस मशीनचा गाळा होता. पण गाळा पोटापुरता. हिंदुरावांचा खरा जीव होता तो 'इंद्रायणी लघुउद्योजक स्नेहसंघा'त. ते संस्थापक, अध्यक्ष आणि बहुतेक वेळा एकटेच वक्ते. सभासद दोनशेच्या वर. संघ काय करायचा? सकाळी ग्रुपवर सूर्योदयाचे फोटो टाकायचा, वाढदिवसाला फ्लेक्स लावायचा आणि सापडेल त्याला शाल-श्रीफळ द्यायचा. एका वर्षी सत्काराला माणूसच मिळेना, तेव्हा हिंदुरावांनी उपाध्यक्षांच्या हातून स्वतःचाच उरकून घेतला!

सगळं सुरळीत चाललं होतं. घोटाळा झाला तो घरातून.

त्यांच्या पत्नी सुमनताई चाकणच्या कंपन्यांतल्या पोरांना डबे पुरवायच्या. एकदा भंगारवाल्या अय्याजची बायको मुमताज, तीही डबेवालीच, तापानं आडवी झाली. सुमनताईंनी तिच्या वाटच्या चपात्या लाटून दिल्या. पुढच्या महिन्यात सुमनताईंचा गॅस ऐन सकाळी संपला, तेव्हा मुमताजनं त्यांच्या. त्यातून दोघींनी एक ग्रुप काढला, 'अडला डबा'. काम एकच! जिचा डबा अडेल तिनं हाक मारायची, बाकीच्यांनी आपापल्या तव्यावरून भर घालायची. सूर्योदय नाही, वाढदिवस नाही. कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं, तर सुमनताईंनी गोड शब्दांत काढायला लावलं!

वर्षभरात भोसरीपासून आळंदी-चाकणपर्यंतच्या बायका त्यात आल्या. एका मोठ्या कंपनीनं तर सुमनताईंना भाषणाला बोलावलं. गाडी हिंदुरावांनी चालवली. भाषण चालू असताना ते पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर बायकोची पर्स घेऊन! शेजारच्या साहेबांनी विचारलं, "आपण काय करता?" हिंदुराव तोंड उघडणार, एवढ्यात टाळ्या पडल्या. त्या टाळ्या त्यांना पुढे आठवडाभर जेवताना ऐकू येत होत्या.

सरळ सांगायचं तर माणूस जळत होता. बायकोचा फोन वाजला की जळत होता, नाही वाजला की आता वाजेल म्हणून जळत होता.

त्यात संघाच्या बैठकीत सीएनसी मशीनवाले अर्जुनराव उठले. "अध्यक्ष, वहिनींचा ग्रुप कशासाठी आहे ते माझ्या टेम्पोच्या ड्रायव्हरलाही माहीत आहे. आपला संघ कशासाठी आहे?"

"स्नेहासाठी!" हिंदुराव गरजले.

"म्हणजे स्नेहाचं नेमकं करायचं काय?"

"...वाढवायचा!"

लोक हसले. ठराव झाला की येत्या गुरुवारी एमआयडीसी बंद असते, तेव्हा हिंदुरावांच्या गाळ्यात सभा घ्यायची. संघाचा उद्देश एका वाक्यात ठरला तर ठीक, नाहीतर संघ बरखास्त! हिंदुराव हिशोब करू लागले. संघ गेला तर उरणार काय? सुमनताईंचे मिस्टर!

आता शहाण्या माणसानं घरी बसून उद्देशाचा विचार केला असता. हिंदुरावांनी बायकोचा ग्रुप तोंडावर कसा पडेल याचा विचार केला! तो एकदा पडला की 'बघा, उद्देश असून काय उपयोग झाला?' असं सभेत म्हणता येणार होतं.

बुधवारी दुपारी त्यांनी अय्याजला गाठलं. "अय्याज, मुमताजकरवी त्यांच्या ग्रुपवर हाक टाकायची. भोसरीत एका गाळ्यात उद्या ओव्हरटाइम आहे, जेवणवाला ऐनवेळी पळाला, दुपारी शंभर डबे पाहिजेत."

"कोणाच्या गाळ्यात, भाऊ?"

"कुणाच्याच नाही रे! गुरुवार म्हणजे त्या बायकांची एकुलती एक सुट्टी. कुणी माहेरी, कुणी आळंदीला. एकही डबा येणार नाही, बघ तू!"

"और आ गये तो?"

"येतच नाहीत! पत्ता टाक कुठलाही."

अय्याजला हे काही पटलं नव्हतं. पण हिंदुरावांच्या गाळ्याचं सगळं भंगार त्याच्याकडं जायचं, म्हणून त्यानं मान हलवली.

गुरुवारी सकाळी गाळ्यात खुर्च्या मांडल्या होत्या दोनशे. आले नऊ जण! त्यातला एक खुर्च्या भाड्यानं देणारा. हिंदुरावांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'संघाचा उद्देश'. पुढे दोन टिंबं दिली आणि खडू घेऊन उभे राहिले.

"चाकण चौकातली वाहतूक सुरळीत करणे!" अर्जुनराव म्हणाले. "माझा माल रोज तिथंच अडकतो."

लिहिलं.

"परदेशी तंत्रज्ञानाची ओळख करून घेणे," दिग्विजय म्हणाला. हा पावडर कोटिंगवाला, तरुण आणि हौशी. "जर्मनीला जाऊ, राव! नाहीच जमलं तर गोवा."

लिहिलं.

मग मूळ भोसरीचे सोपानराव काठी टेकत उठले. "आरं, बैलगाडा शर्यतीला कायतरी मदत पायजेल का न्हाई?"

"सोपानराव, हा उद्योजकांचा संघ आहे!"

"मंग बैल काय फुकाट पळत्यात व्हय? खर्च लई हाय त्याला!"

तेही लिहिलं. बाकीच्यांनी आपापलं सांगितलं. वाक्य पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर आलं, फळ्याच्या तळाशी पोचलं आणि शेवटी हिंदुराव गुडघ्यावर बसून लिहायला लागले. वाहतूक, जर्मनी, बैल, वीजबिल, विवाहेच्छुकांचा मेळावा, सगळं त्या एका वाक्यात शिरलं होतं. क्रियापद तेवढं अजून यायचं होतं!

"हे एक वाक्य आहे?" अर्जुनरावांनी विचारलं. "मी बरखास्तीचा ठराव मांडतो."

"थांबा!" हिंदुराव खडूसकट उठले. हीच वेळ होती. "उद्देश, उद्देश काय लावलंय? उद्देश असलेल्यांचं तरी काय होतं ते आज दुपारी कळेल सगळ्यांना! तुम्ही फक्त..."

बाहेर हॉर्न वाजला. मग दुसरा. मग एकदम पाच-सहा!

शटरमधून पाहिलं तर रिक्षा, स्कूटर, एक छोटा टेम्पो आणि सगळ्यांत डबेच डबे. सगळ्यांच्या पुढे पदर खोचून सुमनताई!

"अहो! पत्ता आपल्याच गाळ्याचा कसा? आणि ओव्हरटाइमची माणसं कुठंयत?"

हिंदुरावांनी टेम्पोतून डबे उतरवणाऱ्या अय्याजकडं पाहिलं. अय्याज कुजबुजला, "भाऊ, शंभर माणसांचं खाणं रस्त्यावर कसं टाकायचं? पाप लगता. म्हणून निघता निघता तुमचाच पत्ता दिला. म्हटलं, आलंच तर सभेला होईल!"

"अहो, विचारतेय मी! आमच्यातली कस्तुरा माहेरची गाडी सोडून तव्यापुढं बसली. सादिका पहाटेपासून उभी आहे. जेवणार कोण?"

"आम्हीच," हिंदुराव म्हणाले.

"नऊ जण? शंभर डबे?"

हिंदुरावांनी फोन काढला आणि संघाच्या ग्रुपवर तीन शब्द टाकले, 'सभेत जेवण आहे'. आणि काय सांगावं! जे सभासद संघ स्थापन झाल्यापासून दिसले नव्हते ते दिसू लागले. ताथवड्याचे आले, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून वाट काढत दोघं आले, एक जण तर सासूला घेऊन आला. शंभरेक माणसं जमली, कुणी खुर्चीवर, कुणी प्रेसला टेकून जेवायला लागलं. वांग्याचं भरीत, चपाती, ठेचा. गाळ्यात नुसता मिटक्यांचा आवाज!

आणि जो तो सुमनताईंना विचारायला लागला. "वहिनी, सुट्टीच्या दिवशी एवढं जमवलं कसं?"

"जमवायचं काय त्यात?" सुमनताई डबे वाटता वाटता म्हणाल्या. "आज तिचं अडलं, उद्या माझं अडेल. एवढंच आहे आमचं."

सोपानरावांनी हातातला घास खाली ठेवला. "आरं, मंग आपलंबी तेच करू की! एकाची मशीन बंद पडली, की दुसऱ्यानं त्याचं अडलेलं काम काढून द्यायचं. ऱ्हायलेलं समदं पुसा!"

गेल्या महिन्यात अर्जुनरावांची मशीन बंद पडून त्यांची मोठी ऑर्डर गेली होती आणि शेजारच्याच गाळ्यातली मशीन तेव्हा रिकामी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्जुनराव उठले, त्यांनी आपल्या हातानं चाकण चौक पुसला, जर्मनी पुसली, बैलही पुसले आणि एक ओळ लिहिली. पहिल्याच फटक्यात क्रियापदासकट! हात वर झाले. संघ वाचला!

"वहिनींसाठी टाळ्या!" दिग्विजय ओरडला.

पुन्हा टाळ्या! तशाच, त्या कंपनीतल्यासारख्या. संघ आपला, गाळा आपला, टाळ्या मात्र बायकोला! हिंदुरावांना ते काही सोसलं नाही. ते खुर्चीवर चढले.

"मित्रहो! हे आपोआप घडलं असं वाटतं तुम्हाला? हे प्रात्यक्षिक होतं! मीच घडवून आणलं! कसला ओव्हरटाइम न् कसलं काय! हाक खोटी होती! अय्याजला सांगून मीच टाकायला लावली! संघाला उद्देश मिळावा म्हणून!"

एकही टाळी पडली नाही. सुमनताईंनी हातातला डबा खाली ठेवला.

"खोटी होती?"

हिंदुरावांना खुर्चीवरून उतरायचं होतं, पण खाली सगळीकडं डबेवाल्या बायका उभ्या होत्या.

"कस्तुराची आई दारात वाट बघत बसलीय," सुमनताई म्हणाल्या. आवाज चढला नाही, आणि त्याचीच हिंदुरावांना जास्त भीती वाटली. "मला सांगितलं असतंत सभेला जेवण पाहिजे, तर मी केलं नसतं का?"

केलं असतं. हिंदुरावांना ते माहीत होतं. म्हणून तर विचारलं नव्हतं!

मुमताज पुढे आली. तिनं आधी आपल्या नवऱ्याकडं पाहिलं. अय्याज एका ड्रमच्या मागं सरकला. मग ती म्हणाली, "भाऊजी, खोट्या हाकेला आमच्याकडं नियम आहे. पुढची खरी हाक आली की सगळ्या चपात्या त्यानंच लाटायच्या. नियम सुमनताईंनीच केलाय!"

"पण मी तुमचा सभासद कुठं आहे?" हिंदुरावांनी शेवटचा प्रयत्न केला.

"आता आहात," सुमनताई म्हणाल्या.

खरी हाक रविवारी सकाळी आली. सादिकाचा हात भाजला होता. हिंदुरावांच्या स्वयंपाकघरात दोन पोळपाट मांडले गेले, एकावर हिंदुराव, दुसऱ्यावर अय्याज. दोघांच्या मध्ये कणकेची परात. बायका दारात बसून चहा पीत होत्या, आणि तासाभरात पीठ दोघांच्या भुवयांपर्यंत पोचलं.

हिंदुरावांच्या चपातीला चार कोपरे आले. पाचवा येण्याच्या बेतात होता. आणि तिकडं अय्याजची चपाती तव्यावर पडली, हळूहळू वर उठली आणि टम्म फुगली!

"अगंबाई!" सुमनताई कप ठेवून उठल्या. "अय्याजभाऊ, काय हात आहे हो तुमचा! थांबा, फोटो काढते."

फोटो ग्रुपवर गेला. चाकणहून, आळंदीहून बदामावर बदाम यायला लागले. अय्याज लाजला. हिंदुराव लाटणं हातात धरून ते बदाम मोजत राहिले. मग त्यांना राहवेना.

"अगं, त्याला मऊ कणीक दिलीयस तू! मला मुद्दाम घट्ट दिलीस!"

"अहो," सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "दोघांना एकच परात आहे."