दळवीकाकांनी न ऐकलेली मैफल

दळवीकाका आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि पियानोचे सूर लावून देतात. गेली तीस वर्षं ते मैफलींना हजर असतात, पण एकही मैफल त्यांनी ऐकलेली नाही. कान उघडे असतात, पण ते फक्त तारा ऐकतात. एकदा मी म्हटलं, "काका, काल त्या बाईंनी काय सुंदर वाजवलं ना?" तर म्हणाले, "बाई होती का? मधल्या सप्तकातली एक तार सारखी उतरत होती रे."

भाईंदर पश्चिमेला एका शाळेच्या सभागृहात आम्ही काही उत्साही मंडळी दर मे महिन्यात आठवडाभर मैफली भरवतो. पियानो भाड्याचा, काका हक्काचे. सकाळी आठला एका हातात तारा पिळायची चावी आणि दुसऱ्या हातात कोकम सरबताची बाटली घेऊन ते हजर होतात. आल्या आल्या पंखे बंद, वॉटर कूलर बंद. एकदा तर चहावाल्याला कप ढवळायची बंदी झाली होती. एसी मात्र सकाळपासून लागतो. "प्रेक्षक संध्याकाळी येणार, आत्तापासून कुणासाठी?" असं मी विचारायची चूक केली होती.

"लोकांना घाम आला तर रुमालाने पुसतील. ह्याच्या दोनशे तारांचा कोण पुसणार, तू?"

मग टंग टंग टंग सुरू. एकच पट्टी वीसवीस वेळा. यंदा अंगणातल्या आंब्यावर कोकीळ ओरडायला लागला, तसे काका खिडकीतून वॉचमनवर गरजले, "यादव, उसको बोल, एक सुर पकड़ के बैठ! हर बार ऊपर क्या जाता है?"

"साहब, वो हमारे स्टाफ में नहीं है," यादव शांतपणे म्हणाला.

कार्यक्रम सुरू झाला की काका विंगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, पियानोकडे पाठ करून बसतात. मध्यंतरात लोक वडे खायला धावतात आणि काका उतरलेली तार चढवायला.

काकू दरवर्षी शेवटच्या रांगेत बसायच्या. परतताना आम्ही तिघं एकाच रिक्षात असायचो. तिथे काकू त्यांना मैफल सांगायच्या, तीही स्वयंपाकघराच्या भाषेत. "आज कढी होती हो. मधे उकळी आली, पण फुटली नाही." काका डोळे मिटून ऐकायचे. मला तो त्या दोघांचा विनोद वाटायचा.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर काकू अचानक वारल्या. या मेमध्ये काका आले, पण म्हणाले, "हे शेवटचं वर्ष. गुडघे ऐकत नाहीत." आम्हीही गुडघ्यांवर विश्वास ठेवला.

पहिल्या दिवशी रिक्षात त्यांनी विचारलं, "कशी झाली रे?"

"मस्त! हाउसफुल."

"हं," म्हणाले आणि मीरा रोडला घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी टाळ्या खूप पडल्याचं सांगितलं. पुन्हा "हं." तिसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणंच सोडलं. त्यांना काय हवं होतं ते मला उशिरा कळलं आणि लाज वाटली. इतकी वर्षं मी खुर्च्या लावत होतो आणि पाहुणे बसवत होतो. मैफल मीही ऐकली नव्हती.

शेवटच्या दिवशी मध्यंतरात दोन वडे हाणले आणि सगळा कारभार यादववर सोपवून काकूंच्या जागी जाऊन बसलो. वाजवणारे गृहस्थ सत्तरीचे होते, अजिबात घाई न करणारे.

रिक्षात मी घसा साफ केला. "काका, आज... साखरभात होता."

काका वळले.

"आधी नुसता मोकळा, शीत न् शीत वेगळं. मग हळूहळू पाक मुरत गेला..."

काकांनी डोळे मिटले होते. "लवंग लागली कुठे?"

"लागली. अगदी शेवटी. डोळ्यांत पाणी आलं."

"हिलाही शेवटीच लागायची," ते म्हणाले.

रिक्षा सोसायटीच्या दारात थांबली, पण काका उतरेनात. "रुको दो मिनट," त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं आणि मला म्हणाले, "हं, आता पहिल्यापासून सांग. नीट."

मी पहिल्यापासून सांगितलं. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते सावकाश उतरले.

"बरा सांगतोस," काका म्हणाले. "पण पुढच्या वर्षी वडे खाऊन बसू नकोस. चव कळत नाही."