सेंटर फॉरवर्ड, फुलबॅक आणि रेखलाल

सकाळी गिरणीत रेखलाल पटले समोरून आला, की त्याला रामराम करण्याआधी आम्ही एक गोष्ट विचारून घ्यायचो : "रेखूभाऊ, आज कोण?"

म्हणजे संध्याकाळच्या हॉकीत आज कोणत्या जागी? कारण जागा बदलली की हा माणूसच बदलायचा. सेंटर फॉरवर्ड असला तर सकाळपासून गुणगुणणार, हमालांची टोपी उडवणार, माझ्या डब्यातला भात मला न विचारता खाणार. फुलबॅक असला की कुणावर विश्वास नाही. गिरणीच्या फाटकात पाय फाकवून उभा, धानाची बंडी आत येऊ लागली तरी गाडीवानाला दरडावणार, "कायले घुसून राहिला बे?" आणि गोलकीपर असला तर दिवसभर मुका. चहा पुढे केला तरी दोन्ही हातांनी अडवायचा.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या सेठना गिरणीचा हॉकी संघ काढायची हौस आली. मी तिथं कारकून, संघात राइट हाफ. रेखलाल हजेरीपटावर मुकादम होता, पण त्याला आणलं होतं खेळायलाच. दवनीवाड्याचा हा शेतकऱ्याचा पोरगा अकरा जागांपैकी कुठंही तितकाच चांगला खेळायचा. बालाघाटकडचे, राजनांदगावकडचे संघ त्याला सामन्यापुरतं मागून न्यायचे. एकदा एका दोस्तीच्या सामन्यात समोरच्यांचा गोलकीपर लंगडत बाहेर गेला. सेठ मोठ्या मनानं म्हणाले, "रेखलाल, तुम उधर चले जाओ." पूर्वार्धात आमच्यासाठी दोन गोल मारलेला हा माणूस उत्तरार्धात त्यांच्या गोलात उभा राहिला आणि आम्हाला एकही गोल करू दिला नाही. वर माझ्यावरच डाफरला, "बाबू, हा काय फटका हाय? लहान लेकरू रोकन!"

सेठ आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मग एका स्पर्धेत रेल्वेच्या साहेबानं त्याला पाहिलं. बंगालकडच्या एका मोठ्या रेल्वेच्या गावी नोकरी, राहायला क्वार्टर, काम फक्त खेळायचं. आमच्या भागातून असं बोलावणं कुणाला आलं नव्हतं. स्टेशनवर आम्ही सगळे त्याला पोचवायला गेलो. सेठनी स्वतः हार घातला. त्या दिवशी रेखलाल कुठल्याच जागी नव्हता. नुसता हसत होता.

महिनाभरात तो परत आला. गिरणीत फिरकला नाही, घरीच बसला. बाजारात भेटलेल्याला एवढंच म्हणाला, "तिकडचा भात चिकट हाय."

सेठ भडकले. "भात के लिए नौकरी छोड़ी? जाओ, पकड़ के लाओ उसको!" मी सायकल काढली.

दवनीवाड्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. खळ्यांत धानाची मळणी चालली होती. रेखलालच्या ओसरीवर त्याचा म्हातारा बाप भिंतीला टेकून बसला होता आणि रेखलाल त्याला घास भरवत होता. मी हाक मारणार, तोच त्याच्या बायकोनं दारातून हातानं मला थांबवलं.

"आत्ता नोका बोलू," ती हळूच म्हणाली. "बुवाले काही याद राहत नाई. ह्यायचे मोठे भाऊ टेकचंद तापानं गेले, थेबी याद नाई. टेकचंदानं भरवलं तरच जेवतेत. हे तिकडे होते तवा मी भरवाले गेली, त तोंड मिटून बसले. सुकून गेले पार. मंग मीच निरोप धाडला."

ओसरीवर म्हातारा म्हणाला, "टेकचंद, रेखलाल कोठी गेला?"

"खेलाले गेला, बाबूजी." आवाज रेखलालचा नव्हता. जड, सावकाश, थोरल्या भावाचा.

"रेल्वेत?"

"हो. रेल्वेत."

म्हातारा घास चावत राहिला. "मी मारलो होतो त्याले. खेलाच्या पायी धानाची रोवणी सोडून पळे. त्याची काठी चुलीत घातलो." मग, "लोक म्हणतेत, चांगला खेलते. मी कधी पाहाले गेलो नाई."

रेखलाल खाली बघत होता.

"आला का सांगजो त्याले. बाप रागात नाई म्हणाव."

"सांगतो, बाबूजी."

"मंग हात काऊन थांबला तुझा? भरव ना."

रेखलालनं बाहीनं डोळे पुसले आणि पुढचा घास केला.

मी सेठना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दवनीवाड्याला गेले. रेखलाल परत गिरणीत आला, आमच्याकडून पुष्कळ वर्षं खेळला, सगळ्या जागी. फक्त सामना लांबला आणि सूर्य खाली उतरला, की तो स्टिक माझ्या हातात द्यायचा आणि सायकलवर टांग मारायचा. समोरचे ओरडायचे, पंच बघत राहायचे. आम्ही उरलेला खेळ दहा जणांत खेळायचो. कधी हरायचो. सेठ कडेला उभे राहून दवनीवाड्याच्या रस्त्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "खेलो, खेलो. वो टाइम से पहुँच जाएगा."