गेणूचं शहाणं वाक्य

एका जंगलात वाघ नव्हता.

पूर्वी होता, मुलांनो. पण शेजारच्या अभयारण्यात त्याला बरी जागा मिळाली. तिथं फारसं काही करावं लागत नाही. जिपा आल्या की रस्ता ओलांडायचा, बस्स. तो गेला तो गेलाच. मग जंगलानं ठरवलं, राजा नको, आता आपण अध्यक्ष निवडू.

अध्यक्षाला काम एकच होतं. उन्हाळ्यात वणवा लागला की सगळ्यांच्या पुढं पळायचं आणि सगळ्यांना तळ्यावर पोचवायचं. उरलेलं वर्षभर काळ्या शिळेवर बसून मान हलवायची.

सात वर्षं गवाअप्पा अध्यक्ष होते. मान फार छान हलवायचे. पळण्याचं म्हणाल तर वणव्यात त्यांचा नंबर पाचवा-सहावा असे. सगळ्यांच्या पुढं असायची हौसाक्का.

हौसाक्का ही रानडुकरीण. पाठीवर राठ केस, एक कान फाटका, अंगाला बाराही महिने चिखल. पण नाक असं, की डोंगरापलीकडं कुणी विडी पेटवली तर इकडं हिचं कंद उकरणं थांबे. रोज डबक्यात लोळून ती वाटेतल्या झाडांना अंग घासत जाई. डबक्यापासून कोरड्या ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून तळ्यापर्यंत. ओढ्यात नुसते दगडगोटे. गवत नाही, म्हणून आग नाही.

"धुरात डोळे काही कामाचे नाहीत," ती म्हणे. "चिखलाचा वास धरून यायचं."

सगळे तिच्या मागं येत. तळ्यावर पोचले की गवाअप्पा म्हणत, "आणलं की नाही सगळ्यांना सुखरूप?" मग त्यांना पळसाच्या फुलांचा हार पडे. हौसाक्का तेव्हा कोण आलं, कोण राहिलं, ते मोजत असे.

तिला एक धाकटा भाऊ होता. गेणू. आईबाप शिकाऱ्यानं नेले तेव्हा त्याच्या अंगावरचे पिलाचे पट्टेसुद्धा गेले नव्हते. आक्कानंच त्याला वाढवला. बगळेगुरुजींच्या शाळेतही घातला. शाळा दीड दिवस चालली. पहिल्या दिवशी त्यानं गुरुजींचा डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाळेची जमीन उकरून ठेवली. तेव्हापासून त्याची रीत ठरली. आधी धडक द्यायची, विचार नंतर. तोही उरला तर.

एका वर्षी गवाअप्पांचे गुडघे गेले. नवा अध्यक्ष निवडायची वेळ आली. सभेत एक म्हातारा ससा सहज बोलून गेला, "हौसाक्काच का नको?"

सभा गप्प झाली. झाडावरून एक शेंग पडली तीही ऐकू आली.

मग धनेशराव बोलले. धनेशराव म्हणजे मोठ्या पिवळ्या चोचीचे पक्षी, जंगलातले सुधारक. त्यांची बायको तेव्हा अंड्यांवर होती. झाडाच्या ढोलीत, बाहेरून चिखलानं लिंपलेली. "आमच्या घरी बायकांना पूर्ण मोकळीक आहे," ते नेहमी सांगत. "चोच बाहेर काढायला फट ठेवलेली आहे."

"हौसाताईंच्या कर्तृत्वाबद्दल वादच नाही," धनेशराव म्हणाले. "प्रश्न एवढाच, की जंगल तयार आहे का?"

हा प्रश्न गवाअप्पांच्या वेळी कुणी विचारला नव्हता. त्यामुळं तो सगळ्यांना फार खोल वाटला. लगेच समिती झाली. धनेशराव प्रमुख आणि लिहून घ्यायला दोन माकडं. प्रश्न दोनच. तू तयार आहेस का? आणि जंगल तयार आहे का?

भेकरीण म्हणाली, "माझी काही ना नाही बाई. पण आमच्या ह्यांना चालायचं नाही."

तिचे हे म्हणाले, "मला चालेल हो. पण बायकांनाच बाई चालत नाही."

ससे म्हणाले, "आम्ही तयार. माकडं ऐकतील का?"

माकडं म्हणाली, "आम्ही तयार. पण ससे बुजतील." आणि ते त्यांनी स्वतःच लिहून घेतलं.

समिती घरोघर गेली. धनेशरावांच्या घरी तेवढी गेली नाही. तिथलं मत त्यांना ठाऊकच होतं.

इकडं गेणू डबक्यात पडला होता. शेजारी त्याचे दोस्त.

"काय गेणबा," बारक्या म्हणाला, "आक्का अध्यक्ष झाली की तू काय करणार? शेपूट धरून मागं मागं हिंडणार?"

"अध्यक्षीणबाईंचे बंधू! जागा द्या, जागा द्या!" दुसरा म्हणाला. सगळे चिखल उडवून हसले. गेणूचे कान तापले.

तेवढ्यात एक पोक्त डुक्कर डोळे न उघडता म्हणालं, "आक्का गुणाची आहे. पण जंगल अजून तयार नाही." सगळ्यांनी एकदम गंभीर होऊन हुंकार भरला.

गेणूला ते वाक्य भयंकर आवडलं. त्याची स्वतःची वाक्यं "हुर्र"नं सुरू होत आणि "हुर्र"वर संपत. ऐकून कुणी कधी गंभीर झालं नव्हतं. दिवसभर तो ते घोकत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याचं काही पाठ झालं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. हौसाक्का तिथंच त्याच्यासाठी कंद उकरत होती.

"गेणूराव, आपण तयार आहात?"

"तयार म्हणजे! आक्का आहे माझी."

"आणि जंगल?"

गेणूनं छाती पुढं काढली. गवाअप्पांसारखा जरा झुलला. म्हणाला, "जंगल अजून तयार नाही."

माकडं लिहायची थांबून त्याच्याकडं बघत राहिली. धनेशरावांनी पंख पसरले. "वा! सख्खा भाऊ म्हणतोय! लिहा, शब्दन् शब्द लिहा."

समिती गेली. हौसाक्कानं माती झटकली.

"चांगलं वाक्य होतं. कुठं शिकलास?"

"असंच. सुचलं."

"बरं. हा घे कंद. गोड लागला."

तो गोडच होता. गेणूनं सगळा खाल्ला. मुलांनो, तो कंद त्याला अजून पचलेला नाही.

चार दिवसांनी काळ्या शिळेपाशी अहवालाचं वाचन झालं. सागाच्या वाळक्या पानांवर लिहिलेला, तेरा पानांचा. निष्कर्ष असा होता, की जंगलातला प्रत्येक जण तयार आहे, मात्र जंगल तयार नाही.

हौसाक्का धावत आली. "उठा. धूर आहे."

"सूचना शेवटी घेऊ," धनेशराव म्हणाले आणि त्यांनी सातवं पान उलटलं.

आठव्या पानावर ठिणगी पडली, तेव्हा सभा तहकूब झाली. सगळे उठले आणि हौसाक्काच्या मागं पळाले. आपण तयार आहोत की नाही, हे त्या वेळी कुणी कुणाला विचारलं नाही.

ओढ्यात पोचल्यावर तिनं मोजलं. "धनेशराव, वहिनी कुठं आहेत?"

धनेशराव वरून घिरट्या घालत होते. "ती? घरीच. या दिवसांत बाहेर पडत नाही. आमच्यात तशी रीत आहे."

हौसाक्का वळली.

"आक्का, जाऊ नको!" गेणू ओरडला.

"तू इथं थांब. सगळ्यांना मोज."

"मला मोजता येत नाही!"

"मग नावं घे," ती म्हणाली आणि धुरात शिरली.

गेणू नावं घेत राहिला. ससा. भेकर. भेकरीण. बारक्या. गवाअप्पा. ज्याचं नाव घेई तो ओ देई. तिकडं ढोलीखाली उभी राहून हौसाक्का ओरडली, "वहिनी, फोडा ते! उडी मारा, मी आहे खाली!" धनेशिणीनं चोचीनं लिंपण फोडलं. अंडी आतच राहिली. पंखांची पिसं झडलेली, उडता येईना. ती धपकन हौसाक्काच्या पाठीवर पडली. तिला घेऊन हौसाक्का ओढ्याच्या काठापर्यंत आली. काठावरचं बांबूचं बेट पेटलं होतं. तिनं पाठीला एक हिसडा दिला. धनेशीण दगडांत येऊन पडली आणि मागं बेट कोसळलं.

गेणूनं धनेशिणीचं नाव घेतलं. तिनं ओ दिली. मग एकच नाव उरलं. ते त्यानं घेतलं. पुन्हा घेतलं. सगळे तळ्याकडं निघून गेले, तरी तो ते घेत होता.

तिसऱ्या दिवशी शोकसभा झाली. जो तो रडला, आणि खरंच रडला. धनेशराव म्हणाले, "हौसाताईंची पोकळी कशी भरून काढायची? त्यांच्याच रक्ताचं कुणीतरी हवं." सगळ्यांच्या माना गेणूकडं वळल्या. तो चिखलात तोंड खुपसून पडला होता. तीन दिवस खाल्लं नव्हतं.

"पण त्याला मोजता येत नाही," म्हातारा ससा म्हणाला.

"मान तर हलवता येईल?"

"डुकराला मान असते कुठं?"

"सवयीनं येईल."

गेणू बिनविरोध निवडून आला. समिती नाही, अहवाल नाही. दीड दिवस शाळेत गेलेल्या, धडक मारून मग विचार करणाऱ्या डुकरासाठी जंगल तयार आहे का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. जंगल एकदम तयार होतं.

शिळेवर चढवल्यावर गेणूला राहवेना. तो ओरडला, "अरे, मी गाढव आहे! तिच्या तोंडावर मी तसं बोललो! ते वाक्यसुद्धा माझं नव्हतं, डबक्यात ऐकलेलं होतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय हा मनाचा मोठेपणा," भेकरीण डोळे पुसत म्हणाली.

तो चिडून दोनदा "हुर्र" म्हणाला. तेही लिहून घेतलं गेलं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या बाजूनं वणवा आला. अध्यक्ष पुढं. अध्यक्षांना वाट माहीत नव्हती. त्यांनी डोळे मिटले, झाडाला नाक लावलं, आणि आक्काचा वास आला. मग पुढच्या झाडाला. मग त्याच्या पुढच्या. वाटभर ते रडत होते, पण धुरात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं. तळ्यावर सगळे पोचले. गेणूरावांना पळसाचा हार पडला. वाटेला नाव दिलं, गेणूमार्ग.

"वाट तिची आहे," तो म्हणाला.

"बघा, अजून पाय जमिनीवर आहेत," धनेशराव म्हणाले.

पावसाळ्यात झाडांवरचा चिखल धुऊन गेला. गेणू शिळेवर बसून मान शोधत होता, तेव्हा धनेशीण एकटी वाटेनं हिंडत होती. तिची पिसं परत आली होती, पण ती ढोलीत परत गेली नव्हती. चोचीत चिखल घेऊन ती एकेक झाड लिंपत होती. लिंपायची सवय तिला होतीच. वाटही पाठ होती. ती वाट तिनं कुणाच्या तरी पाठीवरून पाहिली होती.

वर्ष संपलं. सभा भरली. गेणू उठला आणि त्यानं या खेपेला आधी विचार केला होता.

"मला आता पुरे. माझ्यानंतर धनेशीणवहिनी. वाट त्यांनीच राखली आहे."

सभा गप्प झाली. शेंग पडली.

"वहिनींच्या कर्तृत्वाबद्दल वादच नाही," वहिनींचे यजमान म्हणाले. "पण गेणूराव, आपल्याच विचारांना आपण असे कसे विसरलात?"

"कुठले विचार?"

"आपण बसलाय त्यावरचे."

शिळेवर काहीतरी कोरलेलं आहे, हे गेणूला माहीत होतं. बसताना टोचायचं. त्याला वाटलं होतं, नक्षी असेल. माकडानं मोठ्यानं वाचलं. "जंगल अजून तयार नाही. अध्यक्ष गेणूराव."

वर्षभर तो त्यावर बसला होता.

गेणू खाली उतरला. चार पावलं मागं गेला. आणि खाली डोकं घालून त्यानं शिळेला धडक दिली. पुन्हा दिली. तिसऱ्या धडकेला त्याचा डावा सुळा मुळातून मोडला. शिळेचा टवकाही उडाला नाही.

सभा उभी राहिली. इतका बाणेदार अध्यक्ष पूर्वी झाला नव्हता. तिथल्या तिथं ठराव झाला, की यापुढं ज्याचा एक सुळा मोडलेला असेल, त्यालाच अध्यक्ष होता येईल. धनेशिणीनं हात वर केला असता, पण तिला हात नव्हते, आणि सुळे तर नव्हतेच. बारक्यानं दुसऱ्याच दिवशी दगडावर सुळा मोडून घेतला. तो आता अध्यक्ष आहे. त्याची मान बरी हलते.

गेणू वाटेवरच असतो. तो डबक्यातून चिखल आणतो, धनेशीण लिंपते. वाटेत ऐनाचं एक जुनं झाड आहे, खडकाखाली वाकलेलं. पाऊस तिथं पोचत नाही. सालीच्या भेगांत अजून हौसाक्काचा चिखल आहे, दोन राठ केस चिकटलेले. त्या झाडाला धनेशीण चोच लावत नाही. गेणूची पाठ फार खाजते, आणि अंग घासायला ऐनासारखं खरखरीत झाड दुसरं नाही. पण तो तिथं येतो, खाज तशीच अंगावर घेऊन उभा राहतो, आणि जातो.

तात्पर्य: मुलांनो, घाई करू नये. लायक असेल त्याला निवडायचं तर आधी सगळं जंगल तयार व्हावं लागतं. तोवर कुणीही चालतो.