मुकुट नाही, तर कोंबडी

जगातल्या झाडून सगळ्या पक्ष्यांना कोंबडी म्हणणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. आमचे वेलिंग्टनचे शेजारी, मिस्टर यानेक. वय नव्वदीच्या घरात, मूळचे पोलंडचे. लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, अनाथ पोलिश मुलांच्या जहाजातून इथे आले आणि तेव्हापासून या देशाला नावं ठेवतायत. नाण्यावरचा किवी? "उडता न येणारी कोंबडी." आमच्या भारताच्या राजमुद्रेवरचे सिंहसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. "तीनच दिसतात. चौथा भित्रा दिसतोय."

खरा पक्षी एकच: पोलंडच्या राजचिन्हातला, लाल ढालीवरचा पांढरा गरुड. तोही डोक्यावर सोनेरी मुकुट असेल तरच. "मुकुट नाही, तर कोंबडी." महायुद्धानंतर मॉस्कोच्या तालावर नाचणाऱ्या सरकारनं तो मुकुट उतरवला, ती राजवट गेली तेव्हा तो परत आला. मुकुट राजाचा नव्हे, आम्ही कुणाचे ताबेदार नाही याचा, हे कुंपणापलीकडून इतक्यांदा ऐकलंय की माझं गवत कापायचं राहून जाई.

तरी दिवाळीत मी, शिकलेल्या इंजिनिअरनं, माती खाल्लीच. म्हाताऱ्याला खूश करावं म्हणून गॅरेजमध्ये (बाहेरचा वारा रांगोळी ठेवतो कुठे) गेरूवर पांढरा गरुड काढला. कित्त्याला इंटरनेटवरून मागवलेलं जुनं पोलिश नाणं. ते नेमकं मॉस्कोवाल्यांच्या काळातलं. बायको म्हणाली, काहीतरी राहिलंय. तिला कलेतलं काय कळतं, असं मी तिलाच सुनावलं.

यानेक आले. वाकून पाहिलं. "इंजिनिअर, कोंबडी छान आहे," म्हणाले आणि फराळ न करता चालते झाले.

दुसऱ्या दिवशी बायकोनं करंज्यांचं ताट देऊन मला माफी मागायला पिटाळलं. त्यांच्या घरात मी प्रथमच शिरत होतो. भिंतीवर काचेच्या चौकटीत उशीचा लाल अभ्रा, त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेला गरुड. बोडका! मला कोण आनंद झाला. माफी राहिली बाजूला.

"ही कोंबडी कुणाची हो?" मी शक्य तितक्या खवचटपणे विचारलं.

त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, टेबलावर ठेवलं.

"आईची. रशियनांनी आम्हाला सैबेरियात धाडलं, तिथे भरत होती. पिवळा दोरा नव्हता. म्हणाली, मिळाला की मुकुट."

मला गप्प बसता येत नाही. "मग तुम्ही का नाही पुरा केलात? इथे दोरा मिळतो की."

"ते तिचं काम आहे," ते म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिलं. गरुडाच्या डोक्याशी, कापडात टोचलेली, गंजलेली सुई तशीच होती.