पुढची बाजू, मागची बाजू

राष्ट्रीय उद्यानाच्या चित्रस्पर्धेत चित्रकाराला लागोपाठ अकरा वर्षं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. अकरा वर्षं उत्तेजन मिळूनही माणूस उत्तेजित होत नसेल तर दोष कुणाचा, असा प्रश्न त्याच्या बायकोला पडे. परीक्षकबाईंचा शेरा मात्र दर वर्षी तोच असायचा. ‘मेहनत दिसते.’ पहिल्या वर्षी चित्रकाराने ही स्तुती समजून शेरा दोनदा वाचून दाखवला होता. चौथ्या वर्षापासून तो प्रशस्तिपत्रकं परस्पर स्वयंपाकघरात देऊ लागला. डब्यांखाली घालायला जाड कागद बरा पडतो.

यंदा त्याने सासुरवाडीच्या भरल्या बैठकीत जाहीर केलं होतं, “पहिलं नाही आलं तर ब्रश माळ्यावर!” बोलून गेल्यावर त्याला वाटलं, कुणीतरी ‘नको नको’ म्हणेल. दुसऱ्या दिवशी बायकोने माळा झाडून घेतला.

त्यामुळे तयारी जंगी झाली. गेल्या वर्षी त्याची प्लायवूडची फळी उन्हात होडीसारखी वाकली होती. म्हणून यंदा त्याने फळीला दोन्ही अंगांनी पांढऱ्या रंगाचे चार-चार हात दिले आणि पुढची बाजू तीन दिवस पॉलिश पेपरने घासली. ती इतकी गुळगुळीत झाली, की माशी बसली तर घसरावी.

स्पर्धेचा नियम साधा होता. घरून चित्र रंगवून आणायचं नाही. सकाळी फाटकावर कोऱ्या फळीच्या मागच्या बाजूला पहारेकऱ्याकडून शिक्का घ्यायचा, आत बसून चित्र काढायचं आणि पाचच्या आत परत द्यायचं. एका माणसाला एकच शिक्का.

पहारेकरी बारा वर्षं हेच काम करत होता. चित्रकार बायकोला थर्मास कुठे ठेवलाय ते विचारत असताना त्याने फळी हातात घेतली, जांभळ्या शाईत शिक्का बुडवला आणि सगळं वजन टाकून हाणला. मग समाधान न झाल्याने आणखी एकदा हाणला.

“अहो! काय केलंत हे! ही पुढची बाजू आहे!”

“मी मागच्या बाजूलाच मारलाय, साहेब.”

“तीन दिवस घासलीय मी ती!”

“असेल. पण शिक्का मारला की ती बाजू मागची. बारा वर्षांची पद्धत आहे.”

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मागे रांग वाढत होती. चित्रकार दात-ओठ खात तळ्याकाठी गेला.

शिक्का नेमका आकाशात आला होता. त्यावर त्याने पांढरा ढग रंगवला. दहा मिनिटांत ढग मुका मार लागल्यासारखा जांभळा झाला आणि त्यातून अक्षरं वर आली.

“‘तपासले’ असं दिसतंय,” घडीच्या स्टुलावर विणत बसलेली बायको म्हणाली.

“कळतंय मला!”

मग त्याने ढगापुढे डोंगर आणला. शाई डोंगरातून वर आली. डोंगरापुढे झाड आणलं. झाडाला जांभळी फळं लागली. फळांवर पक्षी बसवले, तर पक्षीही तपासलेले निघाले. दुपारपर्यंत तळं कोपऱ्यात बशीएवढं उरलं, पांढऱ्या रंगाची ट्यूब पिळून पिळून सपाट झाली, आणि येणारे-जाणारे थांबून विचारू लागले, “हे जंगल जप्त झालंय का हो?”

साडेचारला चित्रकाराने ब्रश खाली ठेवला. “संपलं. चल घरी. माळा झाडलायस ना?”

त्याचा चेहरा पाहून बायकोने विणकाम पिशवीत टाकलं. ओला रंग हाताला लागू नये म्हणून तिने फळी उलटी करून कडांना धरली आणि थबकली.

“अहो, ही कोरी बाजू कुठली?”

“ती मागची.”

“मग तिच्यावर शिक्का का नाही?”

“कारण तो पुढच्या…” चित्रकार बोलता बोलता थांबला. त्याने खाली ठेवलेला ब्रश पुन्हा उचलला.

“म्हणजे तो पहारेकरी सकाळी सांगत होता ते…”

“तू बोलू नकोस. धर. अशीच धर. हलू नकोस!”

वेळ होता पंचवीस मिनिटं. हिरवा संपलेला, पांढरा संपलेला. उरला होता थोडा निळा, थोडा पिवळा आणि एकच रुंद ब्रश.

“हलतेयस!”

“मी नाही, वारा हलतोय.”

“झाडाची पानं काढायला वेळ नाही गं!”

“मग नका काढू. इथून कुठे दिसतायत?”

चित्रकाराने मान वर करून पाहिलं. खरंच दिसत नव्हती. अकरा वर्षं त्याने न दिसणारं पान अन् पान रंगवलं होतं. त्याने सपासप चार पट्टे ओढले, पाणी तसंच कोरं सोडलं, आणि दोघं फाटकाकडे पळत सुटली. फळी पोटाशी धरल्याने तिच्या साडीवर ते सकाळचं जंगल उमटलं होतं.

पहारेकऱ्याने फळी उलटी केली. जांभळ्या पक्ष्यांमधून ‘तपासले’ ठसठशीत वर आलं होतं.

“मागच्या बाजूला हे काय काढलंत?”

“चालत नाही का?” चित्रकाराने धापा टाकत विचारलं.

“शिक्का वाचता येतोय. चालतं.”

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. परीक्षकबाई चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या म्हणे. शेरा होता, ‘मेहनत कुठेच दिसत नाही!’ आणि खाली, ‘प्रथम क्रमांक.’

चित्र उद्यानाच्या माहिती केंद्रात लागलं. झाडलेल्या माळ्यावर बायकोने जुने डबे ठेवले, कारण हे प्रशस्तिपत्रक डब्याखाली घालायचं नव्हतं आणि तिला त्या डब्यांमागच्या भिंतीवर जागा करायची होती.

पुढच्या वर्षी चित्रकार पुन्हा फाटकावर आला. फळी दोन्ही बाजूंनी सारखीच घासलेली होती. पहारेकऱ्याने शिक्का शाईत बुडवला आणि यंदा जरा नरमाईने विचारलं, “साहेब, मागची बाजू कुठली?”

चित्रकाराने डोळे घट्ट मिटून फळी पुढे केली.

“तुम्ही माराल ती.”